सगळे आले की निघायचं

वर्गाच्या दारात दोन्ही हात अंगाला चिकटवून, नजर समोर रोखून मॅडम ताठ उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मी मशीन आहो. मले अक्कल नाई. तुमी सांगान तेवढंच करीन."

पोरं ओरडायची, "पुढं चाला!" मॅडम चालू लागायच्या. "थांबा" म्हणायचं कुणाला सुचलं नाही, तर थेट फळ्यावर जाऊन आदळायच्या. पोरं हसून लोळायची. कपाळावरचा खडू पुसत त्या विचारायच्या, "चूक कोणाची? मशीनची, का सांगणाऱ्याची?"

जंगलाला लागून असलेल्या, मी आणि मॅडम अशा दोनच शिक्षकांच्या शाळेत कोडिंग असं सुरू झालं. शाळेत कॉम्प्युटर नव्हता. अंगणात चुन्याच्या चौकटी आखून पोरंच एकमेकांना चालवायची. अधूनमधून मॅडम स्वतःचा लॅपटॉप आणायच्या. त्यावर पोरांनी सूचना जोडून जोडून एक मासा पोहायला लावला. गाव तळ्यावर मासे धरणाऱ्यांचं. मासा जाळं चुकवून पलीकडे गेला की दुसरीतली पोरं चिडायची, "मॅडम, पकडाचा हाये ना त्याले!"

मॅडम मूळच्या वरोऱ्याच्या, वडिलांचं तिथे शिलाईचं दुकान. स्वभाव काळजीचा. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरणारी. स्कूटीचं कुलूप लावून वर्गात यायच्या आणि पुन्हा बाहेर जाऊन ओढून बघायच्या. पोरगं खोकललं तरी यांचा चेहरा उतरायचा.

एका उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला गेलेल्या एका बाईला वाघानं मारलं. आमची काही पोरं पलीकडच्या टोलीतून, छोट्या वस्तीतून, जंगलातल्या वाटेनं यायची; वाट सुरू होते तिथे, टोलीबाहेर, एक हातपंप होता. मॅडमनी पोरांना बसवून फळ्यावर नियम तयार केला: एकट्यानं चालायचं नाही. हातपंपापाशी थांबायचं. सगळे आले की निघायचं. पोरांनी तो कवितेसारखा पाठ केला.

एका सकाळी त्या वाटेवर वाघाच्या पाऊलखुणा दिसल्या. फॉरेस्टवाल्यांनी वाट बंद केली आणि टोलीतली पोरं ट्रॅक्टरमध्ये बसवून मोठ्या रस्त्यानं शाळेत सोडली. सगळी उतरली. तिसरीतली आचल नव्हती.

"आचल कुठी आहे?" मॅडमनी विचारलं.

"ते तर पयलेच निघाली, मॅडम."

आचलची आई पहाटे जाळी काढायला तळ्यावर जायची, म्हणून पोरगी सगळ्यांच्या आधी घर सोडायची. मॅडम माझ्याकडे धावत आल्या. "सर, ते हातपंपापाशी बसली असन. सगळे येईपर्यंत उठाचीच नाई ते."

पोरांना स्वयंपाकवाल्या बाईंच्या हवाली केलं, दार आतून लावायला सांगितलं आणि आम्ही माझ्या मोटारसायकलवर निघालो. मी हॉर्न वाजवत होतो. मागे मॅडमचं "या अल्लाह, या अल्लाह" चाललं होतं. पळसाचं पान हललं तरी त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतायची.

आचल हातपंपाच्या ओट्यावर बसली होती. दप्तर छातीशी, पाय वर घेतलेले.

"काऊन बसली वो इथी एकटी?" मॅडमचा आवाज फाटला.

"सगळे आले नाई ना." मग हळूच म्हणाली, "तिकडं झुडपात काईतरी चालून राह्यलं होतं, मॅडम. मी उठलीच नाई."

मी झुडपाकडे पाहिलं नाही. पोरीला दोघांच्या मधे बसवलं आणि गाडी वळवली.

दुपारी आचलची आई शाळेत आली. अंगाला तळ्याचा वास, डोळे लाल. "मॅडम, माह्या पोरीले तुमी मशीन करून टाकलं."

मी मधे बोलणार होतो. मॅडमनी हातानं थांबवलं. "बरोबर आहे बाई. कधीपर्यंत थांबाचं, हे मी सांगतलंच नाई. पोरगी चुकली नाई. मी चुकली."

आई पोरीला घेऊन गेली. पुढचे काही दिवस आचल आली नाही, आणि मॅडमचा डबा न उघडता घरी जात राहिला.

आचल परत आली, त्या दिवशी मॅडमनी तोच नियम पुन्हा फळ्यावर लिहिला. "हा कुठी मोडते, सांगा."

पोरांचं सुरू झालं. "वाट बंद असली तर?" "सगळेच बिमार पडले तर?" "वाघ हातपंपापाशीच बसला असन तर?" हसू, गोंधळ. मॅडम एकेक लिहून घेत होत्या, पोरं उत्तरं शोधत होती. शेवटी आचल उठली. "मॅडम, तुमीच चुकीचं सांगतलं तर?"

मॅडमनी खडू खाली ठेवला.

"तर माह्यं ऐकाचं नाई," त्या म्हणाल्या. "पळून घरी जाचं."

पुढे त्यांची बदली राजुऱ्याकडे झाली. तिथे कॉम्प्युटरची खोली आहे म्हणे. तरी शाळा भरायच्या वेळी माझा फोन वाजतो. माझी खुशाली त्या विचारत नाहीत.

"पोट्टे पोचले?"

"पोचले, मॅडम."

तेवढ्यानं त्यांचं भागत नाही. मी फोन वर्गाच्या दारात नेऊन धरतो. आतला कालवा त्या थोडा वेळ ऐकत राहतात, आणि मग फोन ठेवतात.