नगारखान्याची वरची पायरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धारच्या थोरल्या भावाला नाही. टेकडीवर देवीपुढे हात जोडले तेव्हाही नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी मागत बसलो. आज तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट कळत नाही.

मी देवासला नकाशे काढायचो. देवासात राजे दोन, कचेऱ्या दोन. त्यातली माझी कोणती ते विचारू नका. माझा हात स्वच्छ होता — सगळे तसं म्हणायचे, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. त्या कौतुकापायी हे झालं असं म्हणू का? नको. तेवढंही खरं नाही.

नव्या नगारखान्याचा जिना माझ्याकडे आला. पायऱ्या सारख्या पाडायच्या तर कर्कटकाचं एक टोक रोवायचं, दुसरं पुढे टाकायचं, असं खालून वरपर्यंत चालत जायचं. शेवटी थोडं उरतंच. मग कर्कटक किंचित उघडून पुन्हा खालून सुरुवात करायची — अगदी बरोबर बसेपर्यंत, कितीही वेळा. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मेहुण्याच्या लग्नाला धारला निघायचं होतं, टांगा दारात उभा होता, आणि उरलं होतं ते केसभर. ते केसभर मी सगळ्यात वरच्या पायरीत ढकललं आणि वरून शाई फिरवली. कागदावरचं केसभर चुन्याविटांत दोन बोटं होतं, हेही मला माहीत होतं.

जिना रामलाल मिस्त्रीने बांधला. माझ्याहून बराच मोठा माणूस, अबोल, ओळंबा धरला की श्वास रोखणारा. कागदाबाहेर जायचं नाही, अशी इंजिनियरसाहेबांची सक्त ताकीद होती. वरची पायरी त्याला खटकली होती — पण विचारणार कुणाला? मी धारला जिलब्या खात होतो. कागदात दिसली तशी त्याने ती उंच बांधली.

पहिल्याच आठवड्यात नगारा वाजवणाऱ्याचा पाय तिथे अडला. तो वरून खालपर्यंत गडगडत गेला. उजवा हात कोपरात मोडला, आणि त्या हाताने त्याने पुन्हा टिपरू धरलं नाही. साहेब म्हणाले, उद्या नकाशा आणा.

माझी पाचावर धारण बसली. दुपारी कचेरी जेवायला गेली तेव्हा बांधकामावरून परत आलेला तो एकुलता एक नकाशा मी कपाटातून बाहेर घेतला, चाकूच्या पात्याने जिन्याच्या सगळ्या रेघा खरवडल्या, जागा शिंपल्याने घासून गुळगुळीत केली. आणि मग — इथे मला अजून शिसारी येते — मग मी कर्कटक घेऊन खालून वर, पुन्हा खालून वर गेलो, शेवटची पायरी तंतोतंत बसेपर्यंत. इतकं अचूक काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. तो कागद कुणी उजेडासमोर धरला असता तर खरवडलेली जागा पातळ दिसली असती. कुणी धरला नाही. माझा हात स्वच्छ होता ना!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रामलालसमोर एकेका पायरीवर कर्कटक ठेवून दाखवलं. सगळ्या सारख्या. तो कागदाकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "भिया, म्हारे तो लागे के कागद में वा ऊँचीज थी. थें बताओ." कागदात ती पायरी उंचच होती, असं त्याला वाटत होतं. भांडायला नव्हता आला. त्याला फक्त खरं काय ते हवं होतं.

मी म्हणालो, "नहीं रामलाल, पहले से ऐसी ही थी."

त्याने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला — स्वतःच्या डोळ्यांवर नाही.

तो जिना त्यानेच फोडून पुन्हा बांधला. पण त्यानंतर तो एकच वीट चार-चारदा मापायचा. मापून पुन्हा दुसऱ्याला विचारायचा, बरोबर आहे ना? गवंडी हसायचे. वर्षभरात त्याने थापी खाली ठेवली आणि ज्यांना त्याने काम शिकवलं त्यांच्या हाताखाली गाऱ्याची घमेली वाहू लागला. मी ते रोज बघत होतो. एकदा तरी बोलावं असं वाटलं नाही का? वाटलं. दरवेळी वाटलं, आणि दरवेळी मी छत्री उघडून घरी गेलो. आजही कुठल्याही जिन्यावर शेवटच्या पायरीला माझं पाऊल आपोआप जास्त उचललं जातं, आणि मला भीती वाटते.

अजून एक उरलं आहे. त्याला कामावरून काढू नका, असं मी तेव्हा साहेबांना सांगितलं होतं. हे त्याच्या कानावर गेलं. तेव्हापासून दर दिवाळीला तो माझ्या घरी यायचा आणि "थांका परताप से रोटी चाले, भिया" म्हणून माझे पाय धरायचा. वयाने एवढा मोठा माणूस! मी त्याला धरू द्यायचो.

शेवटच्या दिवाळीला त्याला वाकवत नव्हतं. एका हाताने भिंत धरून तो खाली झुकला, पण दुसरा हात पोचेना. मी पाय पुढे केला.