निवृत्तीकाकांची बंदूक आणि जवसाचं तेल

आमचे निवृत्तीकाका बंदूकवाले म्हणून मोताळ्याच्या बाजारापर्यंत ओळखले जात, पण त्यांच्याइतका भित्रा माणूस पंचक्रोशीत नव्हता. आभाळ गडगडलं की बैल आणि बायको शेतात राहत, काका आधी घरात. बंदूक त्यांनी काही हौसेनं घेतली नव्हती. शेत रानाला लागून, डुकरं पीक उभं राहू देईनात, म्हणून त्यांचे वडील गेल्यावर बुलढाण्याला चकरा मारमारून परवाना आपल्या नावावर करून घेतला. एकनळी बंदूक, बाहेरून हातानं घोडा चढवायची. ती खुंटीला टांगलेली असली तरी काका तिच्यासमोरून वाकून जात. आम्ही पुतणे तोंडावर हात धरून हसायचो.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्या पावसाळ्यात नळीवर गंज दिसला आणि काकांची झोप उडाली.

"गंजली तं फुटन. हाताच्या चिंध्या होतीन माह्या."

वडील तिला तेल लावत, पण कोणतं, ते काकांनी भीतीपोटी कधी जवळ जाऊन पाहिलंच नव्हतं. मग गावभर चौकशी. लोहार म्हणाला, गाडीच्या आसाचं वंगण चोपडा. त्यात माती बसेल, या धास्तीनं ते बाद. वाण्यानं खोबरेल सुचवलं. ते थंडीत गोठतं, म्हणून तेही बाद. चावडीवर कुणी तूप सांगितलं, कुणी घासलेट. काका सगळ्यांचं ऐकत आणि घरी येऊन आणखी घाबरत.

आता खरी गंमत अशी की, त्या खुंटीच्या खालच्याच कोनाड्यात सत्यभामाकाकूच्या शिलाई मशीनची तेलाची कुप्पी होती. काकू गावच्या बायकांच्या चोळ्या शिवायची. जेवण वाढता वाढता ती म्हणाली, "माह्या मशीनचं लावा न. पातळ हाये, चिकटत नाई."

"तू चूप बस. बाईच्या मशीनचं तेल बंदुकीले लावतात व्हय?"

काकूनं पुढ्यात भाकर जरा जोरातच टाकली आणि विषय तिथंच संपला. मला अजून त्या उत्तराचा राग येतो.

शेवटी काकांना आठवलं, वडील बंदुकीच्या लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळत आणि दस्ता कसा आरशासारखा चमकायचा. दस्त्याला चालतं ते नळीला आणि घोड्याला का चालू नये? जवस घरचंच होतं. दसऱ्याला अवजारं पुजायची म्हणून त्यांनी ते नळीला चोळलं आणि घोड्याच्या नि चापाच्या सांध्यातही चांगलं मुरवलं. पाटावर बंदूक, शेजारी काकूचं मशीन, दोन्हींना हळदकुंकू. काका त्या दिवशी प्रथमच निवांत जेवले.

पण जवसाचं तेल वाळतं. लाकडावर त्याची साय धरते, म्हणून तर दस्ता चमकतो. तशीच चिकट साय आत सांध्यात धरून बसली, आणि बाहेरून काही दिसेना.

मार्गशीर्षात ज्वारी कापणीला आली. एका थंडगार सकाळी काका आणि काकू राखणीला गेले. काकू पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, डबडं वाजवत होती. ज्वारीतून डुक्कर निघालं. काकांनी घोडा चढवला, कसाबसा नेम धरला, चाप ओढला. काहीच झालं नाही. चाप मागे गेला तो मागेच राहिला. घोडा वरच. डुक्कर रानात पसार झालं.

भरलेली, चढलेली बंदूक आणि काकांचे हात. घोडा कशानं पडेल याचा नेम नव्हता. खाली ठेवावी तर धक्का लागेल, घोडा उतरवावा तर बोटं ऐकेनात. आणि समोरून काकू डबडं वाजवत येत होती.

"येऊ नको! इकडं येऊ नको!"

डबड्याच्या आवाजात तिला ओरडणं तेवढं ऐकू आलं. डुक्कर नवऱ्यावर पलटलं असं समजून ती विळा उपसून धावतच सुटली. काकांनी नळी जमिनीकडे वळवली, मागे सरायला गेले, ढेकळावर पाय पडला, आणि बार उडाला.

समोर नुसता धूर झाला. धुरात काकूचं लुगडं तेवढं जमिनीवर दिसत होतं. काका जागचे हललेच नाहीत. "मी मारलं तिले, मी मारलं तिले," एवढंच ते म्हणत होते.

काकू उठली. तिच्या पुढ्यातली काळी माती उकरली गेली होती, तोंडभर ढेकळं उडाली होती. बाकी ती धड होती. तिनं काकांच्या हातून बंदूक काढून धुऱ्याला टेकवली.

"साऱ्या गावाचं ऐकलं तुमी. माहं एकटीचं नाई ऐकलं."

काका मातीत बसून मोठ्यानं रडले. पुढं पीक कापून होईस्तो त्यांनी बंदुकीला हात लावला नाही.

पुढच्या दसऱ्याला पाट मांडला तेव्हा घरात आम्ही सगळे होतो. काकांनी बंदूक खुंटीवरून काढली, आत गोळी नाही हे पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि सगळ्यांसमोर ती घेऊन चुलीपाशी काकूसमोर जाऊन उभे राहिले.

"अवं," ते म्हणाले, "कोन्तं तेल लावू?"

काकूनं पोळी उलटली. कोनाड्याकडे पाहिलंही नाही.

"तुमाले ठाव हाये," ती म्हणाली. "पण इचारलं, बरं केलं."