चौथा दोर

माइक हातात आला की माझं भान सुटतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. साताऱ्याच्या चर्चमध्ये जमलेल्या मंडळींना ते त्या रविवारी कळलं. योहानमामांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि त्यांच्या स्मरणाची उपासना होती. मामा म्हणजे आमच्या जुन्या गल्लीतले सुतार, माझ्या वडिलांचे चाळीस वर्षांचे शेजारी. हिंदू शेजाऱ्यांतर्फे दोन शब्द बोलायला मला उभं केलं, आणि तयारी करून गेलेला माणूस जेवढा घसरतो तेवढा मी घसरलो. मामांची आवडती गोष्ट सांगायची म्हणून मी आवाज चढवून म्हणालो, "छपरातून खाली सोडलेला तो पक्षघाती माणूस आठवा. केवढा त्याचा विश्वास! म्हणून तर तो बरा झाला!" पहिल्या बाकावर मार्थामामी बसल्या होत्या. त्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "त्याचा कुठला रं सुभाष? तो बिचारा बाजंवर गप पडून हुता. विश्वास त्या चौघांचा." शोकसभेत एवढे हसलेले लोक मी कधी पाहिले नव्हते. पाळकसाहेबांनी खाली मान घालून चष्मा पुसायला घेतला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शुभवर्तमानात आहे ही गोष्ट. येशू कफर्णहूम गावात एका घरात बोलत होता आणि दारात पाय ठेवायला जागा नव्हती. चौघांनी आपल्या लुळ्या पडलेल्या माणसाला खाटेवर घालून आणलं. वाट मिळेना तेव्हा ते घरावर चढले, छप्पर उसकटलं आणि खाट थेट येशूपुढे खाली सोडली. येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. आधी त्या माणसाला म्हणाला, तुझ्या पापांची क्षमा झाली. आणि मग म्हणाला, ऊठ, खाट उचल, घरी जा.

मामांना ही गोष्ट प्रिय असणं साहजिक होतं, कारण छपरं उसकटणं आणि पुन्हा बसवणं हाच त्यांचा जन्माचा धंदा. मूळचे कवठे महांकाळकडचे. पोरवयात वडिलांबरोबर भूकंपानंतरच्या कामाला कोयनानगरला गेले आणि कौल न फोडता कौलारू घर उतरवायचं कसब तिथंच शिकले. पुढं साताऱ्यात दर मे महिन्यात आमच्या गल्लीची घरं तेच शाकारायचे. वानरांनी फोडलेली कौलं बदलायची, कौलांखालच्या किडलेल्या रिपा काढायच्या, वर बसल्या बसल्या खालच्यांना दोन शब्द सुनवायचे. माझ्या आईनं एकदा चहा वर पाठवला तर म्हणाले, "वैनी, साखर खालीच ऱ्हायली जनू." गोष्टीतल्या त्या घरमालकाची त्यांना फार काळजी. "सगळी बोंब त्या खाटवाल्याची. ज्याचं छप्पर उसकाटलं त्याचं कोन इचारतंय का? पर मी सांगतो तुमाला, दुसऱ्या दिवशी ते चौघं शिडी घिऊन परत आलं आसनार. ज्यानं मोडलं त्यानंच शाकारायचं." पाळकसाहेब म्हणायचे, शास्त्रात असं लिहिलेलं नाही. मामा म्हणायचे, "लिवनारा सुतार नव्हता."

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलोय तो दिवस. आण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या माडीवर पाय घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शुद्ध पक्की, तोंड त्याहून पक्कं. पण जिना शिडीसारखा उभा आणि मधे वळण असं की गव्हाची पोतीसुद्धा आम्ही अर्धी करून वर नेत होतो. अँब्युलन्सबरोबर आलेले दोघे स्ट्रेचर घेऊन वळणापर्यंत गेले आणि तसेच मागे सरकत खाली आले. बसवून न्यावं तर आण्णा किंचाळत होते. मी काय करत होतो? मी फोनवर नातेवाइकांना कळवत होतो... महत्त्वाचं काम! तेवढ्यात मामा हातोडी घेऊन वर आले. साठीला टेकलेला माणूस. त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा माडीच्या खिडकीकडे. खिडकीखाली पडवीचं कौलारू छप्पर होतं. म्हणाले, "शास्त्रात लिवलंय तसं करू."

वीस मिनिटांत खिडकीची चौकट बाहेर आली होती, पडवीचे मधले वासे निघाले होते आणि कौलं अंगणात रचली गेली होती, एकही न फुटता. आण्णांना फळीवर आवळून खाटेवर बांधलं. खाटेच्या चार पायांना चार दोर. मामा, शेजारचे निवृत्त सुभेदार, दूध घालणारा दत्ता आणि मी. सुभेदार पलटणीतल्यासारखे "धीरे! धीरे!" ओरडत होते. खाटेवरून आण्णा म्हणाले, "अरे, मी पेटारा आहे का? नीट धरा!" खाली माझी बायको सुनंदा शेजारणींबरोबर गाद्या अंथरत होती. खाट पडवीच्या वाशांमधून अर्धी खाली गेली आणि माझे हात सुटले.

घसरला, ओला होता, कुणी ढकललं... असलं काही नव्हतं. मी खाली पाहिलं, आण्णांचा चेहरा दिसला, ते पडले तर काय होईल हे मनात आलं, आणि माझ्या बोटांनी दोर सोडून दिला. एवढंच. खाट एका कोपऱ्यात कलली. मामांनी स्वतःचा दोर डाव्या हाताला गुंडाळला आणि वाशावर पालथं पडून उजव्या हातानं माझा पकडला. त्यांच्या खांद्यातून आवाज आला तो मी ऐकला. "सोडा... सावकास..." एवढंच ते म्हणाले. खाट गाद्यांवर टेकली. आण्णा वेळेवर दवाखान्यात पोचले, शस्त्रक्रिया झाली, काठी घेऊन पुढं चार वर्षं हिंडले आणि सगळ्यांना नावं ठेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मामा कौलं बसवायला आले. उजवा हात गळ्यात बांधलेला. खाली उभे राहून त्यांनी दत्ताकडून सगळं छप्पर बसवून घेतलं. त्यानंतर ते कधी घरावर चढले नाहीत. विचारणाऱ्याला सांगत, "वय झालं आता. वानरानं चढावं, आमी बगावं."

आणि मी? मी ही गोष्ट सांगत सुटलो. पहिल्याच दिवशी दवाखान्यात, मग बारशात, साखरपुड्यात, सांगलीला बदली झाल्यावर ऑफिसच्या डब्याच्या वेळी. चार दोर, चार माणसं, त्यांतला चौथा मी. हातावर आठ दिवस वळ होते, असंही एकदा बोललो. सांगताना कधी कधी आण्णा समोर असायचे आणि गंभीरपणे मान डोलवायचे. गोष्ट इतकी छान झाली होती की मलाच खरी वाटू लागली... रात्रीची झोप मात्र तिच्यावर विश्वास ठेवत नव्हती.

एकदा न राहवून मामांच्या पडवीत गेलो. ते डाव्या हातानं पाटाला कानस मारत होते. सरळ बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून शास्त्राआड लपून विचारलं, "मामा, त्या चौघांतल्या एकाचा हात सुटला असता तर हो?" कानस थांबली नाही. "सुटलाबी आसंल येकाद्याचा. मानूसच की. पर लिवनाऱ्यानं तिगांचा इस्वास आसं लिवलंय का? चौघांचा धरला त्यानं. येकाचा हात सैल हुता म्हनून त्याला वजा न्हाई केलं." मग पाट उलटा करत म्हणाले, "आनि बग, त्या लुळ्या मानसाला आदी काय सांगितलं? पाय न्हाई. क्षमा. वरनं कितीबी कौलं बदला, आत वासा किडलेला आसंल तर घर गळतंयच. आदी आतलं, मंग पाय." मी उठलो तेव्हा त्यांनी पाट माझ्या हातात दिला. "आण्णांना दे. पाय टेकवाया."

चमत्कार खरा की खोटा, हे विचारणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. ती गोष्ट कशाबद्दल आहे ते मात्र मला पक्कं कळलं आहे. ती पायांबद्दल नाही. माणूस दुसऱ्याच्या भरवशावर खाली उतरतो आणि दुसऱ्याच्या भरवशावर मोजलाही जातो, याबद्दल आहे. खाटेवरच्यानं काही केलं नव्हतं. चौघांपैकी प्रत्येकानं सारखंच केलं असेल असंही नाही. तरी सगळे एकाच शब्दात बसले. मामांनी मला त्या शब्दातून बाहेर काढलं नाही, इतकी वर्षं, दुखऱ्या खांद्यानिशी.

म्हणून त्या रविवारी हशा ओसरल्यावर मी खाली बसलो नाही. माइक होताच. म्हणालो, "मामी, तुमचं बरोबर आहे. विश्वास चौघांचा. पण आमच्या घरी जे चौघं होते त्यांतल्या एकानं दोर सोडला होता. तो मी. मामांचा खांदा वयानं गेला नाही, माझ्यामुळं गेला." मामी बाकावर जरा सरकल्या. म्हणाल्या, "बस आता खाली. हितं, माज्यापाशी."

परतताना गाडीत सुनंदा शेजारी होती. कराड मागे पडल्यावर मी म्हणालो, "इतकी वर्षं तुझ्याशीही खोटं बोललो. रागावलीस ना?"

"कशाला रागवू?" ती म्हणाली. "मी खाली गाद्या घेऊन वर तोंड करूनच उभी होते की. आणि आण्णा तर उताणेच होते. दवाखान्यात पहिल्याच दिवशी मला म्हणाले, सूनबाई, त्याला काही बोलू नकोस हं. गोष्ट चांगली सांगतो तो, सांगू दे."