खिशात मावेल एवढं पिस्तूल

"ते झालं. पुढं?"

हे त्यांचं ठरलेलं बोलणं. कुणी अडचण सांगितली, नियम दाखवला, भीती घातली, की त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या, उजवं मनगट डाव्या हातानं एकदा दाबायच्या आणि म्हणायच्या, "ते झालं. पुढं?" समोरचा गडबडायचा. कारण बहुतेकांकडं पुढचं काही नसायचंच.

मी पहिल्यांदा गडबडलो तो आमच्या दुकानात. जळगावात परवान्याच्या बंदुका-पिस्तुलांचं दुकान आहे, तिथं मी मिस्त्री. दुकान शेठचं, हत्यार दुरुस्तीचं टेबल माझं. माझे वडीलही हेच करायचे. रानडुकरांसाठी शेतकऱ्यांनी ठेवलेल्या बारा बोअर, बँकेच्या रखवालदारांच्या जुन्या बंदुका, असलं सगळं माझ्या हाताखालून जातं. त्या दिवशी शेठ बाहेर गेले होते आणि काउंटरवर मीच होतो.

बाई चाळिशीच्या, ठेंगण्या, कुर्ता घातलेल्या. आल्या त्या सरळ काउंटरशी. परवान्याचं पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडचं सगळ्यात लहान पिस्तूल दाखवा. अगदी लहान. कुणाला दिसता कामा नये."

तुम्ही अशा दुकानात कधी बसलात तर एक गोष्ट लगेच कळेल. गिऱ्हाईक पिस्तूल हातात घेतं आणि आधी आरशात बघतं. आमच्याकडं त्यासाठी मुद्दाम आरसा लावलेला आहे. कमरेला कसं दिसेल, शर्टातून थोडं डोकावेल का, याची चौकशी आधी, आणि ते चालतं कसं याची नंतर. दिसू नये म्हणून पिस्तूल मागणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं.

परवान्यावर हुद्दा होता तलाठी. हल्ली त्या पदाचं सरकारी नाव बदललंय, पण गावात तलाठी तो तलाठीच. गिरणेकाठची तीन गावं त्यांच्याकडं होती. गिरणेकाठ म्हटलं की वाळू आली, आणि वाळू आली की ट्रॅक्टर आले. दीड वर्षापूर्वी चोरीच्या वाळूची ट्रॉली अडवायला त्या नदीत उतरल्या होत्या. ड्रायव्हरनं ढकललं, त्या दगडांवर पडल्या, उजव्या मनगटाचे दोन तुकडे झाले. आत पट्टी बसवावी लागली. हातावर टाक्यांची रेषा स्पष्ट दिसायची.

मी म्हणालो, "मॅडम, लोक तर दिसावं म्हणून घेतात. दिसलं तर समोरचा जवळ येत नाही."

"माझ्याकडं सातबारा मागायला म्हाताऱ्या येतात, चाचा. कमरेला पिस्तूल लावलेल्या बाईकडं कोण येईल? आणि वाळूवाल्यांना कळलं की माझ्याकडं आहे, तर पुढच्या वेळी तेही घेऊन येतील. ते मला नकोय."

मी तीन पिस्तुलं काढली. पहिलं नेहमीचं, मोठं. कुर्त्याच्या खिशात ठेवल्याबरोबर कुर्ता एका बाजूला खांद्यावरून घसरला. त्यांनाच हसू आलं. दुसरं हलकं रिव्हॉल्व्हर होतं, पण त्याच्या गोल पोटाचा फुगवटा कापडातून दिसत होता. तिसरं एका वारसानं विकायला ठेवलेलं, फार पूर्वी परदेशातून आलेलं, बत्तीस बोअरचं. तळहातात झाकून जाईल एवढं. ते खिशात गेलं आणि दिसेनासं झालं.

"हेच."

आता धंद्याच्या हिशेबानं मी गप्प बसायला हवं होतं. पण वडिलांनी एक शिकवलंय, हत्यार विकताना त्याचे दोष आधी सांगायचे. मी सांगितलं, "मॅडम, लहान पिस्तूल खिशाला सोयीचं असतं, हाताला नाही. मूठ एवढीशी, दोनच बोटं बसतात. उडवलं की हातात उसळी मारतं. नळी आखूड, नेम धरायची खूण तर नावालाच. आणि गोळी नळीत चढवायला ही वरची स्लाइड मागं ओढावी लागते, ती याची फार घट्ट आहे."

"ते झालं. पुढं?"

"पुढं काही नाही. ओढून बघा."

रिकामं पिस्तूल त्यांनी डाव्या हातात धरलं, उजव्यानं स्लाइड ओढली. ती अर्धं बोट सरकली आणि थांबली. दुसऱ्यांदा तेवढीही नाही. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावर घाम आला आणि ओठ पांढरे पडले. मी दुसरं दाखवायला लागलो, तर म्हणाल्या, "हे कुणाला देऊ नका. मी येते."

मला वाटलं, आता काही येत नाहीत.

पंधरा दिवसांनी आल्या. पुन्हा जमलं नाही. पुन्हा पंधरा दिवसांनी आल्या, तेव्हा पर्समधून रबराचा एक चेंडू काढून दाखवला. गावागावात फिरताना, तहसीलच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या, त्या तो दाबत होत्या. मीटिंगमधल्या साहेबांना वाटलं, बाईंना राग आलाय. "आणि राग होताच," त्या म्हणाल्या.

मी त्यांना एक युक्ती दाखवली. स्लाइड ओढायची नाही. ती मुठीत घट्ट धरून ठेवायची आणि दुसऱ्या हातानं पिस्तूलच पुढं ढकलायचं. म्हणजे मनगटाचं काम खांद्यावर जातं. नळीचं तोंड मात्र कायम भिंतीकडं. चौथ्या खेपेला खट्ट आवाज झाला, स्लाइड पूर्ण मागं जाऊन पुढं आली. त्यांनी आणखी दहा वेळा केलं, मोजून. मग पिस्तूल काउंटरवर ठेवलं आणि पाणी मागितलं.

मग प्रश्न आला ठेवायचं कुठं. मला वाटलं होतं पर्समध्ये.

"पर्स नको. गावात मी कुठंही ठेवते. पोरं हात घालतात, त्यांना ठाऊक आहे आत गोळ्या असतात." हे बोलून त्या थांबल्या. मग आम्ही दोघंही हसलो. "लिमलेटच्या गोळ्या, चाचा."

म्हणजे अंगावरच हवं. त्यांनी शिंप्याकडून चार कुर्त्यांना डाव्या बाजूला जाड कापडाचा खोल खिसा शिवून घेतला. शिंप्यानं विचारलं, एवढा मजबूत कशाला? म्हणाल्या, मोबाइल जड आहे. तो म्हणाला, "ताई, कंपनी कोणती ते सांगा, म्हणजे मी घेणार नाही."

मी त्यांना चामड्याचं पाकीट शिवून दिलं. चाप पूर्ण झाकला जाईल आणि बाहेरून पिस्तुलाचा आकार उमटणार नाही असं. तीन वेळा उसवून पुन्हा शिवलं. देताना बजावलं, "या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही. किल्ली नाही, रुमाल नाही, सुपारी नाही." त्यांनी मान हलवली. नंतर कधीही आल्या तर मी न विचारता खिसा दाखवायच्या. शाळेतली मुलगी नखं दाखवते तसा.

धुळ्याकडं एक सरावाची जागा आहे. सोनगीरच्या पुढं कुठंतरी त्यांचं माहेरचं कुणी होतं, तिथं उतरून त्या रविवारी सरावाला जायच्या. एकदा शेठनं मला सोबत पाठवलं. पहिली गोळी जमिनीत गेली. दुसरी कुठं गेली ते कळलंच नाही. तिसऱ्या वेळी मागं आलेल्या स्लाइडनं अंगठ्याजवळची कातडी फाडली. लहान पिस्तुलाची ही खोडच असते. रक्त मनगटापर्यंत आलं. मी म्हणालो, बस करू. त्यांनी रुमाल बांधला, हाताची पकड एक बोट खाली घेतली आणि उरलेल्या गोळ्या झाडल्या. शेवटच्या दोन कागदाच्या पुतळ्याला लागल्या.

परत येताना बसमध्ये त्यांनी रुमाल सोडून जखम पाहिली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चाचा, खरंच माणसाला लागली तर?"

इतकी वर्षं हत्यारं दुरुस्त केली, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "ताई, मला नाही सांगता येणार."

मॅडमचं ताई कधी झालं ते तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

"मला कुणाला मारायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "मला संध्याकाळी घरी पोचायचंय."

वर्षभर ते पिस्तूल त्यांच्या खिशात होतं. सासूबाई आणि नवरा सोडले तर कुणालाही पत्ता नव्हता. रोज सोबत फिरणाऱ्या, त्यांच्या हाताखालच्या कोतवालालाही नाही. दोन महिन्यांनी एकदा साफ करायला आणायच्या. कुर्त्याच्या कापडाचे तंतू फार अडकायचे आत. मी चिमट्यानं काढायचो आणि त्या समोर बसून कुणाकुणाची वारसनोंद राहिली ते फोनवर निपटत राहायच्या.

मग निवडणूक आली. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. त्या जमा करायच्या आधी तेल लावायला दुकानात आल्या. मी म्हणालो, "ताई, हे परत मिळेपर्यंत नदीकडं जाऊ नका. पोलिस बंदोबस्तात गुंतलेले असतात, हे वाळूवाल्यांना ठाऊक असतं."

"मलाही ठाऊक आहे. म्हणून तर जावं लागेल."

आठवड्यानंतर काय घडलं ते मला कोतवालानं सांगितलं. तहसीलच्या कामाला जळगावात आला होता, पत्ता विचारत दुकानात आला. बाईंनी मला निरोप द्यायला सांगितला होता की काळजी करू नका. 

सकाळी उजाडल्या उजाडल्या तीन ट्रॅक्टर भरून नदीतून वर येत होते. वर यायला एकच अरुंद वाट. बाईंनी आपली स्कूटर त्या वाटेवर आडवी लावली आणि तिच्यामागं उभ्या राहिल्या. कोतवाल बाजूला, फोनवरून तहसीलला कळवत. पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन चालू ठेवूनच वरून सांगितलं, "मॅडम, गाडी काढा. नाहीतर मागच्यासारखं होईल."

बाई म्हणाल्या, "मागचं झालं. पुढचं बोल."

त्यानं क्लच सोडला. ट्रॅक्टरचं चाक स्कूटरला भिडलं, मडगार्ड चेपलं, स्कूटर फरफटत हातभर मागं आली. तिच्यासोबत बाईही हातभर मागं आल्या. पण सीटवरचा हात सोडला नाही.

"बठ्ठा देखी ऱ्हायनात, चाचा," कोतवाल अहिराणीत सांगत होता, सगळे बघतच राहिले. "बाई काही हालनी नही."

त्याच वेळी वरच्या रस्त्यानं केळी कापायला निघालेले मजूर चालले होते. बाया जास्त, पुरुष थोडे. ते थांबले.  मग एक म्हातारी उतारावरून खाली आली. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला हीच म्हातारी चार महिने बाईंकडं चकरा मारत होती, आणि नाव लागलं होतं. तिनं येऊन स्कूटरच्या हँडलवर हात ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हाई आमनी तलाठीन शे. चालव कितला चालवस ते."

तिच्यामागून बाकीचे उतरले. कुणी आरडाओरड केली नाही. विळे हातात तसेच, खाली. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. तासाभरानं तहसीलची गाडी आली, पंचनामा झाला, तिन्ही ट्रॅक्टर जमा झाले.

निवडणूक झाल्यावर त्या पिस्तूल सोडवून घेऊन दुकानात आल्या. मी साफ करायला घेतलं. एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी हात खिशात गेला होता, चाचा. सवयीनं."

"मग?"

"खिसा रिकामा. मग हात काढला आणि गाडीवर ठेवला." मग म्हणाल्या, "असतं तर काढलं असतं का, मला अजून सांगता येत नाही. आणि काढलं असतं तर ती म्हातारी खाली उतरली असती का, तेही."

मी विचारलं, "मग हे विकायचंय का? शेठ घेतील परत."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घालून तेलाची बाटली शोधू लागलो.

"म्हातारी रोज नसते, चाचा," त्या म्हणाल्या.

पिस्तूल पाकिटात सरकवलं, पाकीट खिशात, आणि वरून कुर्ता सारखा केला. दिसेनासं झालं.

चार महिन्यांत त्यांची बदली झाली. विनंतीवरून, असं कागदावर होतं. विनंती कुणाची ते कागदावर नव्हतं. जिल्हाच बदलला, पार साक्रीच्या पलीकडं, पिंपळनेरकडं. आमच्या शेठना वाईट वाटलं, कोतवालाला तर फारच. निघायच्या दिवशी मी दुपारची नमाज आटोपून स्टँडवर गेलो. हत्यार साफ करायचा ब्रश आणि तेलाची छोटी बाटली कागदात गुंडाळून नेली होती. कोतवाल आला होता. आणि गिरणेकाठची सात-आठ माणसं, हातात केळ्यांची फणी घेऊन, काय बोलावं ते न कळून उभी.

त्या धुळ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसल्या. माझी पुडी घेतली, पाठीमागून कुणीतरी दिलेली केळी घेतली, सगळ्यांना नमस्कार केला. मी म्हणालो, "ताई, तिकडं जरा जपून. नवीन गाव, नवीन माणसं." त्यांनी मान हलवली, पण लक्ष फोनकडं होतं. तिकडच्या नव्या कोतवालाचा फोन लागला होता. अजून हजर व्हायच्या होत्या, खुर्ची पाहिली नव्हती, घर मिळालं नव्हतं. बस सुरू झाली. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून त्या फोनमध्ये त्याला विचारत होत्या, "बाकीनं नंतर. आधी सांग भाऊ, नदीवर जावाले वाट कथाईन शे?"

वाट कुठून, ते तो काय म्हणाला ऐकू आलं नाही. त्यांनी दातांनी पेनाचं टोपण काढलं आणि हाताच्या पंजावर लिहायला सुरुवात केली. बस वळेपर्यंत त्या लिहीत होत्या.