भुर्र गेलेली आजी

दुपारचे अडीच वाजलेत आणि धारूरकर गुरुजींच्या पापण्या त्यांचं ऐकेनाशा झाल्यात. बहात्तराव्या वर्षी पावणेदोन वर्षांच्या नातवाला दिवसभर एकट्याने सांभाळायचं म्हणजे नाकी नऊ येणारच. त्यात हा निनाद दुपारचा झोपेल तर शपथ. मुलगा-सून कामावर गेलीत. दाराला वरची कडी आहे. आजीच्या चपला दाराशी नीट मांडून निनाद त्यांच्यासमोर फतकल घालून बसलाय. गुरुजी आरामखुर्चीतून त्याच्यावर नजर ठेवतात, आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एकाच.

चूक गुरुजींचीच आहे. चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या या माणसाने घरात मंमं, गाईगाई, भूभू असलं काही चालू दिलं नाही. "पोराशी नीट बोला," हा दंडक. त्यांच्या पत्नी प्रयागबाई मान डोलवायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन नातवाशी खुशाल बोबडं बोलायच्या. दोन महिन्यांपूर्वी त्या गेल्या. त्या दिवशी निनादने "आजी?" म्हणून विचारलं, तेव्हा शुद्ध भाषेत काय सांगावं ते गुरुजींना सुचेना. ते म्हणाले, "आजी भुर्र गेली." जन्मात पहिल्यांदा बोबडं बोलले आणि तेही खोटं. भुर्र गेलेलं माणूस खाऊ घेऊन परत येतं, हे पावणेदोन वर्षांच्या मुलालाही पक्कं ठाऊक असतं. तेव्हापासून तो रोज वाट बघतो. डोळे चोळतो, रडतो, पण झोपत नाही. झोपेत आजी येऊन गेली तर?

गुरुजींचा दुसरा डोळाही मिटतो.

"अहो, मान अवघडेल."

प्रयागबाई मास्तरांच्या खुर्चीत बसल्यात. समोर बाकावर गुरुजी. फळा आहे, खडूची धूळ आहे, आणि वर्गाच्या खिडकीत निनादची दुपटी वाळत घातलीत. गुरुजींना त्यात काही वावगं वाटत नाही.

"आलीस?"

"आले कुठली! जरा टेकलेय. दाढी का नाही केली?"

"फार दमलोय गं, प्रयाग." हे वाक्य त्यांनी मुलाला सांगितलेलं नाही, सुनेला नाही. "पोरगं झोपत नाही. तुझ्या चपला मांडून बसतं."

"बसेलच. भुर्र म्हणजे जाऊन परत येणं. एवढं माहीत नव्हतं? मास्तर ना तुम्ही?"

गुरुजी खाली बघतात तर बाक नाही. ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसलेत, पाय जमिनीला पुरत नाहीत. प्रयागबाई त्यांना मऊ भात भरवतायत. भाताला तुपाचा वास आहे. दोन महिन्यांत कुणी त्यांना 'जेवलात का' यापलीकडे काही विचारलेलं नाही, आणि इथे घासामागून घास येतो. मग वाटी रिकामी होते.

"मंमं संपली की निनाद काय करतो?"

"मला काय ठाऊक."

"रोज भरवता आणि बघत नाही?" त्या त्यांचे दोन्ही हात धरून तळवे वर करतात. "हे असं करतो. नाई नाई. नाही म्हणजे काय, ते त्याला कळतं हो. तुम्हालाच सांगवत नाही."

गुरुजी मुठी आवळून घेतात. "तसं केलं तर तू खरंच गेलीस, असं होईल."

"मी गेलेच आहे."

त्या एकेक बोट उलगडतात. त्यांची अनामिका नेहमीसारखीच काजळाने काळी आहे. रोज सकाळी नातवाला तीट लावायच्या आणि गुरुजी रोज कुरकुरायचे, कसली दृष्ट नि कसलं काय.

"दमलात ना? मग सोडा आता," त्या म्हणतात आणि बोट त्यांच्या तळव्यावर दाबून धरतात.

कुणीतरी पायजमा ओढतंय. निनाद. डोळे झोपेने लाल, नाक वाहतंय.

"आजी?"

गुरुजींना रडू येतं, पण ते आवरत नाहीत. खुर्चीत सरसावून बसतात, दोन्ही हात पुढे करतात आणि तळवे वर करतात.

"आजी नाई नाई," गुरुजी म्हणतात. "आजी भुर्र नाही, बाळा. आजी नाही."

उजव्या तळव्याच्या मधोमध काळा ठिपका आहे. काजळाची डबी दोन महिने कपाटाच्या वरच्या कप्प्यात बंद आहे. तिला कुणी हातही लावलेला नाही.

निनाद ठिपक्याकडे बघतो. त्यावर बोट ठेवतो. "आजी," तो म्हणतो. मग आपलेच दोन चिमुकले तळवे वर करतो. ते कोरे आहेत.

"नाई," तो म्हणतो.

"नाही रे राजा."

निनाद ओठ काढून रडायला लागतो. हे रडणं रोजच्यासारखं किरकिरं नाही. गुरुजी त्याला उचलून मांडीवर घेतात. अनामिकेवर ते काजळ टिपतात आणि नातवाच्या कानामागे तीट लावतात, अगदी प्रयागबाई लावायच्या तिथेच.

बऱ्याच वेळाने हुंदके थांबतात. "गाईगाई," निनाद पुटपुटतो.

"हो. गाईगाई," गुरुजी म्हणतात.

दाराशी चपला तशाच आहेत. त्या उचलून ठेवायला हव्यात. पण गुरुजी उठत नाहीत, कारण पोराला झोप लागलीय.