चालू मशीनची नक्कल

माझ्या थोरल्या साडूंइतका लाजणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्यातली निम्मी लाज त्यांची स्वतःची नसतेच. द्वारकेच्या चौकात वाहतूक तुंबली की मान हे खाली घालतात. नाट्यगृहात दुसऱ्याचा मोबाइल वाजला तर घाम यांना फुटतो. काचेच्या दाराला धडकल्यावर दाराची माफी मागताना मी त्यांना पाहिलंय. त्यांच्यासोबत चारचौघांत जायचं म्हणजे आपल्यालाही उगाच काहीतरी केल्यासारखं वाटायला लागतं.

त्यांचं काम असं, की कचेऱ्यांतल्या जुन्या, धापा टाकणाऱ्या सर्व्हरची जशीच्या तशी नक्कल उतरवायची आणि ती नव्या कॉम्प्युटरच्या पोटात चालवायची. मग जुनं खोकं भंगारात. ही नक्कल मशीन बंद करून घेता येते, तशी चालू ठेवूनही. साडू बंद करूनच घेणारे. "धावत्या माणसाच्या शर्टाचं माप कसं घेणार, भाऊ?" असं मला विचारायचे. बंद करण्याआधी सर्व्हरवर हात ठेवून क्षणभर उभे राहायचे आणि कुणी बघतंय असं दिसलं की ओशाळून बटण दाबायचे.

हा नियम त्यांनी मोडला तो एका वधू-वर सूचक केंद्रात. ऐन लग्नसराई, त्यामुळे तासभरही काम थांबवायला केंद्राच्या बाई तयार नव्हत्या. साडूंनी चालू मशीनचीच नक्कल घेतली. नक्कल सुरू झाल्यावर जुन्या मशीनवर झालेल्या नोंदी नव्यात आणायच्या राहिल्या होत्या, पण बाई घाई करत होत्या आणि थांबा म्हणायची यांना लाज वाटली. त्या मधल्या वेळात कुणीतरी जुन्या मशीनवर एका मुलीच्या नावापुढे 'लग्न ठरले' असं लिहिलं होतं. नव्या मशीनमध्ये ती मोकळीच राहिली.

रविवारी चांदवडहून पाहुणे त्या मुलीला बघायला तिच्या घरी हजर. आधी फोन केला होता, तो कमी ऐकू येणाऱ्या आजोबांनी घेतला आणि या म्हणाले. नेमके तेव्हा मुलीचे होणारे सासू-सासरे साड्या ठरवायला तिथेच बसलेले. "केंद्रातूनच पत्ता दिला. पोरगी मोकळी हाय म्हणले," चांदवडचे गृहस्थ म्हणाले. सासरे साड्यांचं बोलणं अर्धवट टाकून उठून गेले आणि संध्याकाळी लग्न मोडल्याचा निरोप आला.

साडूंना कळलं तेव्हा ते दोन घासही जेवले नाहीत. मला घेऊन त्या सासऱ्यांकडे गेले. सोफ्यावर बसा म्हटलं तरी उभेच. नक्कल, जुनं मशीन, नवं मशीन, सगळं चुकतमाकत सांगितलं. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. शेवटी म्हणाले, "मुलीची काही चूक नाही. मला थांबा म्हणवलं नाही, एवढंच झालं." बोलताना कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते.

"मशीनचं मला कळलं नाही," सासरे म्हणाले, "पण खोटं बोलणारा माणूस एवढा लाजत नाही."

लग्न ठरल्या दिवशीच झालं. मुलीच्या वडिलांनी साडूंना आग्रहाचं आमंत्रण केलं होतं. मंगल कार्यालयाच्या गेटपर्यंत साडू माझ्यासोबत आले आणि थबकले. मला बघून सगळ्यांना तो रविवार आठवेल, तुम्ही जा, म्हणाले. मी खूप ओढलं, ऐकेनात. मंगलाष्टका सुरू झाल्यावर मी खिडकीतून बाहेर पाहिलं. स्कूटरजवळ उभे राहून साडू प्रत्येक सावधानला कार्यालयाच्या दिशेने अक्षता टाकत होते. त्या तिथेच त्यांच्या पायाशी पडत होत्या.