आमच्या चाफ्याची सरासरी शून्य कशी आली

आधी आला तो जूचंद्रचा पास्कू, करवत घेऊन, मागून त्याचा भाऊ. मला वाटलं नारळ उतरवायला आले, म्हणून चहा ठेवला. तर पास्कू म्हणतो, "मावशी, क्रूसाजवळचा सोनचाफा पाडायचाय. बेनेटने बोलावलंय."

बेनेट म्हणजे माझा मुलगा. त्याला गाडी लावायला जागा हवी. लगेच फोन लावला. म्हणतो, "आई, स्टेफीचा प्रोग्राम बघ. त्या झाडाची सरासरी शून्य आहे. काय देतं ते?"

स्टेफी माझी नात. कॉलेजात फंक्शनल प्रोग्रामिंग शिकते, इतकी हुशार की दृष्ट काढावी लागेल. आमच्या वाडीतल्या कुठल्या झाडाची रोज सरासरी किती फुलं विकली जातात, ते तिचा प्रोग्राम सांगतो. पण या चाफ्याची फुलं आम्ही विकतच नाही. सासूच्या वेळेपासून ती चर्चमध्ये मारियामातेच्या वेदीवर जातात.

स्टेफीला विचारलं, तर ती चपापलीच. "आजी, त्याची विक्रीची यादी रिकामी होती. रिकाम्या यादीची सरासरी निघत नाही, प्रोग्राम बंद पडायचा. म्हणून मी तिथे शून्य दिलं."

अगं, मग उत्तर नाही असं सांगायचं ना, खोटा आकडा कशाला? बिचारीने लगेच बसून बदललं. आता तिथे 'सरासरी काढता येत नाही' असं येतं.

तर बेनेट म्हणतो, "म्हणजे शेवटी काही नाहीच ना?"

डोकं फिरलंय माझं. नसलेलं उत्तर आणि शून्य यातला फरक याला कसा समजवू, सांगा कुणीतरी. चहा पिऊन पास्कू गेलाय, शनिवारी परत येतो म्हणून.